लहान मुलांचा टीव्ही कसा लावावा: दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी पायरी-पायरीने

बालवाडीच्या पालकसभेत टीव्हीचा विषय निघाला की बहुतेक घरांतील हकिकत सारखीच ऐकू येते. सोमवारी रिमोट कपाटात ठेवला, मुलाने दोन दिवस आकांत केला, तिसऱ्या दिवशी आजोबांनी बातम्यांसाठी टीव्ही लावला आणि गुरुवारपासून सगळे पूर्ववत झाले. या पालकांच्या तळमळीत काही कमी नसते. चुकतो तो क्रम. मूल टीव्ही किती वेळ पाहते याला ते सर्वांत आधी हात घालतात. खरे तर मुलाच्या शिकण्यावर आणि वागण्यावर परिणाम करणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत: ते काय पाहते, कोणाबरोबर पाहते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहते. या तीन गोष्टी आधी जागेवर आल्या तर वेळ कमी करणे फारसे अवघड राहत नाही. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. सर्व मिळून पाच ते सहा आठवडे लागतात.

## सुरुवातीपूर्वी दोन गोष्टी

पहिली गोष्ट वयाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पडद्यासमोर बसवणे टाळावे, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही म्हणणे तेच आहे. दूरच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे एवढाच अपवाद आहे. समोरच्या माणसाने एकदा करून दाखवलेली कृती दीड वर्षाचे मूल सहज उचलते, पण तीच कृती पडद्यावर पाहिली तर तिची नक्कल करायला त्याला ती कितीतरी अधिक वेळा पाहावी लागते. त्यामुळे घरात दोन वर्षांखालील मूल असेल तर पुढील पायऱ्यांपैकी पहिल्या तीनच करायच्या.

दुसरी गोष्ट घरातील मोठ्यांची. रिमोट ज्यांच्या हाती असतो त्या सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसून हे काम ठरवले पाहिजे. आजीची मालिका बंद करण्याचा प्रश्न येथे नाही. रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवला जातो, आणि मूल तेव्हा बालवाडीत किंवा झोपलेले असते, एवढे आजींना शांतपणे सांगितले तर बहुतेक घरांत मार्ग निघतो. सुनेने एकटीने नियम काढला आणि सासूबाईंना तो मुलाच्या तोंडून कळला, तर मात्र तो टिकत नाही.

## पायरी १: सात दिवसांची नोंद

एक साधी वही टीव्हीजवळ ठेवावी. टीव्ही कधी लावला, कधी बंद केला, काय लागले होते, खोलीत कोण होते, मूल त्या वेळी काय करत होते आणि बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासात ते कसे वागले, हे सहा रकाने पुरेत. नोंद अशी असावी: "मंगळवार, ७.१० ते ८.४०. मालिका. आजी बसलेली, आई ये-जा. चिनू जमिनीवर ठोकळ्यांशी. मनोरा तीनदा अर्धवट सोडला. जेवायला बोलावल्यावर रडारड."

या आठवड्यात कोणताही नियम बदलायचा नाही. मोबाइलवर पाहिलेले कार्यक्रमही याच वहीत लिहावेत, कारण मुलाच्या दृष्टीने पडदा लहान झाला तरी कार्यक्रम तोच असतो.

नेहमीची चूक: रविवारी रात्री बसून आठवणीने सगळा आठवडा भरून काढणे. अशा नोंदीत मुलाने मागून पाहिलेले तेवढे लिहिले जाते आणि नुसताच चालू राहिलेला टीव्ही निसटतो.

तपासणी: आठवड्याच्या शेवटी दोन बेरजा कराव्यात. एक, मुलासाठी लावलेल्या कार्यक्रमांची; दुसरी, मूल खोलीत असताना मोठ्यांसाठी किंवा कोणासाठीच नसताना चालू असलेल्या टीव्हीची. माझ्यासमोर आलेल्या वह्यांमध्ये दुसरी बेरीज बहुधा पहिलीपेक्षा मोठी निघाली आहे, आणि ती पाहून पालक स्वतःच गप्प होतात.

## पायरी २: कोणी पाहत नसलेला टीव्ही बंद करणे

ही पायरी सर्वांत सोपी असून सर्वांत दुर्लक्षित आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या ५० मुलांना खेळण्यांसह एक तास खोलीत ठेवले होते आणि त्यातला अर्धा तास मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला होता. मुलांनी पडद्याकडे अधूनमधून, क्षणभरच पाहिले. तरीही टीव्ही चालू असताना एकेका खेळात रमण्याचा त्यांचा वेळ कमी झाला. मूल भातुकलीतल्या चुलीवर भांडे ठेवते, तेवढ्यात पडद्यावर काही खणकते, मान वर जाते आणि परत खाली येते तेव्हा चहा कोणासाठी करत होतो हे ते विसरलेले असते. असे संध्याकाळभर चालते.

दुसरे नुकसान बोलण्याचे. २००९ मधील एका अभ्यासात लहान मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून घरातले बोलणे मोजले, तेव्हा टीव्हीचा आवाज असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्या माणसांचे सुमारे ७७० शब्द कमी झाल्याचे आढळले. मूल भाषा शिकते ती या शब्दांतून, म्हणजे "ती वाटी दे", "मोज्यात खडा आहे का बघ" अशा त्याला उद्देशून बोललेल्या वाक्यांतून.

करायचे एवढेच: कार्यक्रम संपला की टीव्ही मुख्य बटणावरून बंद करावा, आणि घरात शिरताच टीव्ही लावण्याची सवय मोडावी. या पायरीला मुलाकडून विरोध होत नाही, कारण तो टीव्ही ते पाहतच नव्हते. म्हणूनच ती आधी घ्यायची. मोठ्यांना नियम पाळण्याचा सराव होतो आणि मुलाशी भांडणही होत नाही.

इशारा: आवाज बंद करून चित्र चालू ठेवल्याने काम होत नाही. चित्र बदलले की मान वर जातेच.

## पायरी ३: जेवण आणि झोप टीव्हीपासून वेगळी काढणे

टीव्हीसमोर भरवलेले मूल पाहिले आहे का? तोंडात वरण-भाताचा घास तसाच असतो, गाल फुगलेला असतो, नजर पडद्यावर खिळलेली असते, आणि जाहिरात लागली की एकदम गिळले जाते. काय खाल्ले आणि पोट कधी भरले, यांपैकी काहीच त्याला कळत नाही. आईला वाटते मूल पोटभर जेवले. मुलाला वाटते टीव्ही पाहिला.

तिन्ही वेळची जेवणे एकदम बदलू नयेत. आधी सकाळचा नाश्ता, मग चार दिवसांनी दुपारचे जेवण आणि शेवटी रात्रीचे. मुलाचे ताट पडद्याकडे पाठ येईल असे मांडावे, पोळीचा तुकडा त्याला स्वतः तोडू द्यावा आणि घरातील किमान एका मोठ्या माणसाने त्याच्याबरोबर जेवावे. पहिले दोन-तीन दिवस मूल कमी खाते. ताट घेऊन त्याच्यामागे फिरू नये. निरोगी मूल पुढच्या जेवणाला भरपाई करते.

झोपेचा नियम वेगळा आहे: झोपण्यापूर्वीच्या एका तासात टीव्ही नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी १० ते १३ तासांची झोप लागते, आणि आपल्याकडे मालिकांची मुख्य वेळ संध्याकाळी सातपासून दहापर्यंत असल्याने ही झोपच आधी कापली जाते. एका खोलीच्या घरात हे कठीण आहे, हे मला माहीत आहे. तेथे निदान पडदा अंथरुणावरून दिसणार नाही अशी जागा बदलावी आणि मूल झोपेपर्यंत मोठ्यांनी कानाला इअरफोन लावावेत.

## पायरी ४: कार्यक्रमांची निवड

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. सिअ‍ॅटलमधील ५६५ कुटुंबांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांना टीव्हीचा वेळ कमी करायला सांगितलेच नव्हते. मारामारीच्या कार्यक्रमांऐवजी सहकार्य आणि शिकणे दाखवणारे कार्यक्रम लावा, एवढेच सांगितले होते. सहा महिन्यांनी त्या मुलांच्या वागण्यात, इतर मुलांच्या तुलनेत, सुधारणा दिसली. वेळेच्या आधी निवड घ्यायची ती यासाठी.

निवडीची रीत अशी. जो कार्यक्रम मुलाला दाखवायचा आहे त्याचे दोन भाग पालकाने आधी एकट्याने, पूर्ण, घड्याळ समोर ठेवून पाहावेत. नुसते नाव, चित्रांचे रंग किंवा "शैक्षणिक" हा शब्द पाहून निर्णय घेऊ नये. पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

वेग. एका मिनिटात देखावा किती वेळा बदलतो ते मोजावे. व्हर्जिनिया विद्यापीठात २०११ साली चार वर्षांच्या ६० मुलांवर केलेल्या प्रयोगात काही मुलांना नऊ मिनिटे वेगवान, अद्भुत घटनांनी भरलेले कार्टून दाखवले, काहींना संथ कार्यक्रम दाखवला आणि काहींना चित्रे काढायला दिली. वेगवान कार्टूनमध्ये देखावा सरासरी दर ११ सेकंदांनी बदलत होता, संथ कार्यक्रमात दर ३४ सेकंदांनी. त्यानंतर लगेच दिलेल्या कामांत, म्हणजे थांबणे, सूचना लक्षात ठेवणे, पुढचे पाऊल ठरवणे यांत, वेगवान कार्टून पाहिलेली मुले मागे पडली. हा परिणाम किती काळ टिकतो हे त्या प्रयोगात पाहिले नव्हते. पण सकाळी बालवाडीला निघण्यापूर्वी असे कार्टून लावू नये, एवढा निष्कर्ष त्यातून नक्की निघतो.

भांडणाला किती वेळ आणि मिटण्याला किती. मुलांच्या अनेक गोष्टींत पंधरा मिनिटे चिडवाचिडवी असते आणि शेवटच्या मिनिटात माफी असते. मोठ्यांना शेवट लक्षात राहतो, मुलाला पंधरा मिनिटे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली बालवाडीतील मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची एक कार्टूनकथा दाखवली होती. त्याच्याजवळ जायला आधी घाबरणारी इतर कुत्री शेवटी त्याला आपल्यात घेतात. वेगळ्या शरीराच्या माणसालाही आपले मानावे, हा तिचा बोध. बहुतेक मुलांना तो कळला नाही. काहींनी तीन पायांच्या कुत्र्याशी चांगले वागावे एवढेच घेतले, आणि काहींना तर त्याचा आजार आपल्यालाही लागेल अशी भीती वाटली. म्हणून ज्या भागात भांडण निम्म्याहून अधिक वेळ चालते तो सहा वर्षांखालील मुलासाठी बाजूला ठेवावा, मग शेवट कितीही गोड असो.

हेच मोठ्यांच्या कौटुंबिक मालिकांना लागू आहे, आणि तेथे तर मिटणे महिनोन्‌महिने येतच नाही. त्यांत हाणामारी नसते म्हणून पालक निर्धास्त असतात. पण बालवाडीच्या अंगणात मी ऐकलेले "तिला आपल्यात घ्यायचं नाही, ती आपल्या घरची नाही" हे वाक्य साडेचार वर्षांच्या मुलीचे होते. ते म्हणताना तिने एक भुवई वर केली आणि मान संथपणे वळवून दुसरीकडे पाहिले. शब्द, भुवई आणि मान, तिन्ही मालिकेतून आलेले होते.

विराम. चांगला कार्यक्रम प्रश्न विचारून दोन-चार सेकंद गप्प बसतो, तेवढ्यात मूल उत्तर देते. ज्यात सतत संगीत आणि आरडाओरडा आहे त्यात मुलाला बोलायला जागाच राहत नाही.

भाषा. हिंदी कार्टून पाहून मूल "मुझे नहीं खाना" म्हणू लागले, अशी तक्रार नेहमी येते. माझ्या मते हिंदी येण्यात वाईट काही नाही. पण झारा, शेंग, उंबरठा, गोगलगाय हे शब्द त्याला कोणाकडूनच मिळत नसतील तर काळजी करावी. परदेशातील मराठी घरांत याची उलट चूक होते: मराठी बडबडगीते लावून दिली की मूल मराठी शिकेल असे धरले जाते. तीन वर्षांखालील मूल नुसत्या पडद्यावरून भाषा फारशी उचलत नाही. ते गाणे कोणीतरी त्याच्याबरोबर, त्याच्याकडे पाहत म्हणावे लागते.

जाहिराती. जाहिरात आपल्याला काही विकण्यासाठी केलेली असते हे सात-आठ वर्षांखालील मुलाला नीटसे कळत नाही. त्याला ती कार्यक्रमाचाच भाग वाटते. शक्य तेथे जाहिराती नसलेला भाग निवडावा.

या तपासणीतून चार-पाच कार्यक्रम निघाले तरी पुरे. मूल तोच भाग पुन्हा मागते म्हणून कंटाळून नवा लावू नये. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या बालकार्यक्रमाचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवत असत, आणि पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या मुलांना तो अधिक समजतो, ती पडद्याशी अधिक बोलतात, असे आढळले होते.

तपासणी: सेट-टॉप बॉक्सवरील इतर वाहिन्यांना पिन टाकून कुलूप लावले का? स्मार्ट टीव्हीवर मुलांचे वेगळे प्रोफाइल केले का? एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली का? ही शेवटची गोष्ट राहिली तर सहावी पायरी पार पडत नाही.

## पायरी ५: शेजारी बसून पाहणे

नुसते शेजारी बसून मोबाइल पाहणे याला सोबत म्हणत नाहीत. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील २०१३ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना गोष्टीच्या चित्रफिती मध्ये थांबवून प्रश्न विचारायला शिकवले होते. चार आठवड्यांनी त्यांच्या मुलांना गोष्टीतले शब्द आणि गोष्ट, दोन्ही, नेहमीसारखे पाहणाऱ्या मुलांपेक्षा अधिक आले.

क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा भाग न थांबवता पाहू द्यावा. दुसऱ्यांदा दोनच ठिकाणी थांबवावा आणि "काय झालं?" किंवा "आता तो काय करेल?" असे विचारावे. विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे. मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो आणि बहुतेक मोठी माणसे दोनवरच स्वतः उत्तर देऊन टाकतात. टीव्ही बंद केल्यावर पडद्यावरचे काहीतरी घरात शोधावे. बी रुजण्याचा भाग पाहिला असेल तर त्याच दिवशी मूठभर मटकी त्याच्या हातांनी भिजवून फडक्यात बांधावी. आमच्याकडील एका मुलाने दुसऱ्या दिवशी फडके उघडून "हिला शेपटी आली" असे सांगितले, आणि मोड हा शब्द त्याला तेव्हा दिला. पडद्यावर तो त्याने चार वेळा ऐकला होता.

नेहमीच्या चुका: दर वाक्याला थांबवणे, "सांग, यातून काय शिकलास?" असे परीक्षकासारखे विचारणे, मूल हसत असताना बोध सांगणे. पूर्ण वेळ बसणे शक्य नसेल तर पहिली पाच मिनिटे बसावे आणि जेवताना त्याबद्दल एक प्रश्न विचारावा.

## पायरी ६: वेळ आणि बंद करण्याची रीत

आता वेळेकडे वळावे. दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, मोबाइल धरून, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. हा तास दोन बैठकींत वाटावा. वेळ मिनिटांत सांगू नये, भागांत सांगावी, कारण चार वर्षांच्या मुलाला वीस मिनिटे म्हणजे काय हे कळत नाही. "एक भाग" कळतो.

"दोन मिनिटांत बंद करते हं" अशी आधी सूचना द्यावी, असा सल्ला सर्वत्र मिळतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात मात्र अशा सूचनेनंतर मुले अधिक चिडल्याचे आढळले. कार्यक्रम आपणहून संपला किंवा ती रोजची ठरलेली वेळ असली तर बंद करणे सोपे गेले. म्हणून भाग संपतो तेथेच थांबावे, बटण मुलाला दाबू द्यावे आणि पुढचे काम आधीच मांडून ठेवावे: पाण्याची बादली आणि पेले, मळलेल्या कणकेचा गोळा, किंवा झाडांना पाणी घालण्याचे तांब्याभर काम.

इशारा: टीव्ही बक्षीस म्हणून देऊ नये आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नये. दोन्हींमुळे त्याचे मोल मुलाच्या मनात वाढते. रडण्यानंतर एकदा जरी जास्तीचा भाग लावला तर मूल रडण्याचा हिशेब लक्षात ठेवते; त्यामुळे आजारपण किंवा प्रवास असेल तर सवलत रडण्याआधीच जाहीर करावी.

## पायरी ७: नक्कल दिसली तर

स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर मोठ्या माणसाला एका बाहुल्याला मारताना दाखवले, आणि पुढे १९६३ मध्ये तेच पडद्यावरून दाखवले. दोन्ही वेळा मुलांनी ती मारहाण हुबेहूब केली. नक्कल हा या वयातील शिकण्याचा मार्गच आहे, त्यामुळे ती दिसताच मूल बिघडले असे समजू नये. खेळातली नक्कल, ज्यात सर्व मुले हसत असतात आणि कोणी म्हटले की थांबतात, तशीच सोडावी. लागेल असे किंवा कोणाला एकटे पाडणारे काही असेल तर मूल जेथे असेल तेथे जावे, त्याच्या उंचीला वाकून एका वाक्यात थांबवावे आणि "असे नको"च्या पाठोपाठ काय करायचे ते सांगावे: "पाय मारायचा नाही. खेळणं हवं असेल तर माग."

उडण्याच्या आणि उंचावरून उडी मारण्याच्या नकलेला हा धीर लागू नाही. 'शक्तिमान' लोकप्रिय असताना मुलांनी त्याचे अनुकरण करू नये म्हणून मुकेश खन्ना यांना स्वतः पडद्यावरून आवाहन करावे लागले होते. मुलाला लगेच खाली घ्यावे, तो कार्यक्रम काही आठवडे बंद ठेवावा आणि माणसे दोरीने बांधून उडवतात हे एखादी बाहुली दोरीला टांगून दाखवावे. खिडकीला जाळी नसेल तर तिच्याजवळचा पलंग त्याच दिवशी हलवावा.

नेहमीची चूक: पाहुण्यांसमोर मुलाला मालिकेतला संवाद म्हणायला लावणे आणि सर्वांनी हसणे. ज्या भुवईचे घरात कौतुक झाले, तीच दुसऱ्या दिवशी बालवाडीत मैत्रिणीवर रोखली जाते.

## सहाव्या आठवड्यातील नोंद

पहिल्या आठवड्यासारखीच नोंद पुन्हा सात दिवस ठेवावी आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. एकटे खेळण्याचा सलग वेळ वाढला का, जेवणाला किती वेळ लागतो, झोप कधी लागते आणि टीव्ही बंद केल्यानंतरचा अर्धा तास कसा जातो, हे पाहावे. एखादीच गोष्ट सुधारली नसेल तर त्या पायरीवर परत जावे. सगळे पुन्हा पहिल्यापासून करण्याची गरज नाही.

काही खुणा टीव्हीच्या खात्यावर टाकून वाट पाहू नये. दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा आधी येत असलेले शब्द गमावत असेल, तर टीव्ही बंद करून बघू असे म्हणत महिने घालवू नयेत. ऐकण्याची तपासणी आधी करून घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेचे मुलांची तपासणी करणारे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या दिवशी मूल हजर राहील हे पाहावे, आणि पथकाने जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे वाढीतील अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राची, चिठ्ठी दिली तर पहिल्या आठवड्याची आणि सहाव्या आठवड्याची, अशा दोन्ही वह्या बरोबर घेऊन जावे.